लाखोट्याचा हक्क

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याण मागे टाकले की पहिले स्थानक शहाड. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले उल्हासनगर, मध्ये सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, आणि पुढच्याच स्थानकाजवळ, आंबिवली-मोहोन्याला, २००९ मध्ये बंद पडलेल्या एनआरसीची आठवण. रेयॉनच्या धाग्यावर पोट चालवणाऱ्या दोन-तीन पिढ्या या पट्ट्यात नांदल्या. त्यांच्या संघटनांचा पत्रव्यवहार एके काळी कार्बन कागदावर होई, पत्रके सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत, आणि कागद महत्त्वाचा असेल तर तो सायकलवरून भरवशाच्या माणसाच्या हाती जाई. आज शाखेच्या चिटणिसाला सभासदांची यादी हवी असली की तो ती मोबाइलच्या ग्रुपवर मागतो. घटकाभरात वहीच्या पानाचे छायाचित्र ग्रुपवर येऊन पडते : नावे, हजेरी क्रमांक, खाते, वर्गणी भरल्याची तारीख, सारे काही. ग्रुपमध्ये दीडशे माणसे. त्यांतली आपली किती, ठेकेदाराची किती आणि केवळ सकाळचे सुप्रभात पाठवण्यापुरती किती, याचा हिशेब कोणापाशीच नसतो.

याला सोय असे नाव आहे. परंतु ज्या संघटनेला आपल्या सभासदांची नावे झाकता येत नाहीत, तिने मालकाशी वाटाघाटी करण्याच्या गोष्टी करू नयेत. सभासद यादीचे मोल मान्यतेचा लढा लढलेल्या कार्यकर्त्यास सांगावे लागत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली एखाद्या कारखान्यात संघटनेला मान्यता मिळवायची, तर आधीचे सहा महिने किमान ३० टक्के कामगार आपले सभासद असल्याचे सिद्ध करावे लागे. ते सहा महिने हाच खरा धोक्याचा काळ. यादी वेळेआधी मालकाच्या हाती पडली तर कायम कामगाराची पाळी बदलते आणि कंत्राटी कामगार फाटकाबाहेर राहतो. त्याला काढले असे कोणी म्हणत नाही. ठेकेदार फक्त त्याला पुन्हा बोलावत नाही.

यादीहून नाजूक असे दुसरेही कागद असतात. व्हिस्कोस रेयॉन तयार करताना कार्बन डायसल्फाइड वापरावा लागतो. तो वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जातंतूंवर, मनावर आणि हृदयावर परिणाम करतो. मज्जातंतूंवरील परिणाम तर वैद्यकास एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने या विषबाधेला शासनास कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या परिशिष्टात घातले होते. आता समजा, एखाद्या संघटनेने ठरवले की स्पिनिंग खात्यातल्या कामगारांच्या तपासण्यांचे कागद गोळा करून एखाद्या जाणत्या डॉक्टराकडे मतासाठी पाठवावेत. कोणाच्या हातापायांना मुंग्या येतात, कोणाला रात्र रात्र झोप नाही, कोणाचे चित्त थाऱ्यावर नाही, हे त्या कागदांत लिहिलेले असणार. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत असा कागद फुटणे म्हणजे पुढच्या महिन्याच्या यादीतून नाव गळणे. हा कागद ज्याने विश्वासाने चिटणिसाच्या हाती दिला, त्याचा तो विश्वास साध्या ई-मेलने पाठवण्याच्या लायकीचा आहे काय ?

साधे ई-मेल हे पोस्टकार्डच होय. वाटेतल्या प्रवासात त्यावर आजकाल बहुधा आवरण असते हे खरे; पण ज्या कंपनीच्या कोठारात ते जाऊन पडते, तिला ते ‘सप्रेम नमस्कार’पासून ‘आपला’पर्यंत वाचता येते. शासनाने त्या कंपनीकडे मागणी केली तर शासनाला वाचता येते. आणि ज्याच्या हाती पासवर्ड लागला त्याला तर साऱ्या जुन्या पत्रांची पेटीच मिळते. फुकट मिळणाऱ्या या सेवेची किंमत कोण भरतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडावा. समाजवादी कार्यकर्त्याला तो पडत नाही, याचे नवल वाटते. उत्पादनाच्या साधनांच्या मालकीवर ज्यांनी आयुष्यभर भाषणे केली, त्यांना आपल्या पत्रव्यवहाराच्या साधनांचा मालक कोण, हे विचारायला सवड झालेली नाही.

या पक्षाच्या परंपरेला तरी हा विषय परका नसावा. आणीबाणीत मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिला दंडवते येरवड्यात होत्या. पतिपत्नींनी एकमेकांना लिहिलेली पत्रे सेन्सॉरच्या डोळ्यांखालून जात. तुरुंगाबाहेरच्यांची स्थिती फारशी निराळी नव्हती. टपाल फोडण्याचा अधिकार इंग्रजांच्या १८९८ च्या कायद्याने दिलेलाच होता. पुढे १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तो अधिकार रुंदावणारे विधेयक संसदेकडून संमत करून घेतले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. विधेयक तसेच पडून राहिले. त्या वेळी देशभर केवढे काहूर उठले होते ! आणि २०२३ मध्ये ? त्या वर्षीच्या डिसेंबरात नवा टपाल कायदा आला. त्याचे ९ वे कलम शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी, इतकेच काय कोणत्याही कायद्याचा भंग होत असल्याच्या कारणासाठी, टपालातली कोणतीही वस्तू अडवण्याची व उघडण्याची मुभा देते. जून २०२४ पासून हा कायदा अमलात आहे. त्यावर शहाडला, कल्याणला वा डोंबिवलीला किती सभा झाल्या, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःलाच द्यावे.

संगणकावरील पत्राची कथा याहून वाईट. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली २० डिसेंबर २०१८ च्या एका आदेशाने केंद्रीय गृहखात्याने दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील मजकूर अडवण्याचे, तपासण्याचे व उलगडण्याचे अधिकार दिले. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, शासनाने एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा प्रसिद्ध केला होता. कुलूपबंद पाठवलेल्या प्रत्येक मजकुराची उघडी प्रत नागरिकाने ९० दिवस जपून ठेवावी आणि मागताच हजर करावी, असे त्यात होते. म्हणजे लाखोटा पाठवण्यास हरकत नाही, फक्त त्याची नक्कल पोलिसांसाठी उशाशी घेऊन निजावे ! एवढा हास्यास्पद मसुदा टिकणे शक्य नव्हते. गदारोळ झाल्यावर तो लगोलग मागे घेतला गेला. पण तो लिहिणारे मन मागे घेतले गेले असे मानण्यास आधार नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. निर्णय मोलाचा खरा. परंतु निर्णयाची प्रत दाराला टांगून दार बंद होत नाही. त्याला कडी लावावी लागते, आणि ती घरच्या माणसाने लावावी लागते.

कडी कशी असते, हे सांगण्यापूर्वी एक योगायोग नोंदवला पाहिजे. या देशात सेन्सॉर पत्रे फोडीत बसला होता त्याच काळात, नोव्हेंबर १९७६ मध्ये, अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर गुप्तलेखनाची मोठी अडचण अशी की लिहिणारा आणि वाचणारा या दोघांपाशी एकच किल्ली लागे, आणि ती पोचवण्यासाठी पुन्हा विश्वासू जासूद लागे. म्हणून गुप्तलेखन हे दरबारांचे, सैन्यांचे आणि वकिलातींचे काम राहिले. गरिबाला जासूद परवडत नाही. या दोघांनी किल्लीचेच दोन भाग करण्याची कल्पना मांडली. एक जाहीर किल्ली, जिने कुलूप फक्त लागते. ती भिंतीवर चिकटवली तरी चालते. दुसरी खाजगी, जिने ते उघडते. ती मालकाच्या संगणकाबाहेर कधी जातच नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी ती कल्पना प्रत्यक्ष गणितात उतरवली. जासुदाची गरज संपली, आणि तत्त्वतः शहाडच्या कामगाराला परराष्ट्र खात्याइतकेच मजबूत कुलूप उपलब्ध झाले.

तत्त्वतः, कारण हे कुलूप सामान्य माणसाच्या हाती येण्यास आणखी चौदा-पंधरा वर्षे लागली, आणि ते आणणारा माणूस कोणी कंपनीवाला नव्हता. फिल झिमरमन हा अमेरिकेतील अण्वस्त्रविरोधी चळवळीचा कार्यकर्ता. त्याने १९९१ मध्ये पीजीपी नावाचा कार्यक्रम लिहून वाटून टाकला. अमेरिकेच्या कायद्याने असे बळकट कुलूप तेव्हा तोफा-बंदुकांच्या वर्गात मोडत असे. शस्त्रांची बेकायदा निर्यात केली की काय, याची त्याच्यावर तीन वर्षे चौकशी चालली आणि जानेवारी १९९६ मध्ये ती गुंडाळली गेली. मधल्या काळात त्या कार्यक्रमाची संपूर्ण संहिता पुस्तकरूपाने छापली गेली, कारण पुस्तकाच्या निर्यातीवर बंदी घालणे शासनाला जड गेले असते. पुढे जर्मनीतील वेर्नर कोख याने त्याच पद्धतीचा, पण कोणाच्याही मालकीचा नसलेला, जीपीजी हा कार्यक्रम लिहिला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ ची. जगभरचे पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते ज्या कुलपावर विसंबले, ते सांभाळणारा हा माणूस २०१५ पर्यंत जवळजवळ एकटाच होता आणि पैशांच्या विवंचनेत होता. तसे छापून आल्यावर वर्गण्या आल्या, आणि त्यांत फेसबुकही होते. सार्वजनिक वस्तूचे मोल बाजाराला कळत नाही, हे अर्थशास्त्राचे जुने सूत्र. ते कळल्याचे सोंग मक्तेदाराने दानशूर होऊन करावे, ही त्यावरची टीप.

आता प्रत्यक्ष साधन. ‘मट’ हा पत्रव्यवहाराचा कार्यक्रम मायकेल एल्किन्स याने १९९५ मध्ये लिहिला. मट म्हणजे इंग्रजीत गल्लीतले संकरित कुत्रे. नाव साजेसे आहे. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत, रंगरंगोटी जवळपास नाही. काळ्या पडद्यावर अक्षरे तेवढी. लिनक्सवर तो आणि जीपीजी दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि एखाद्या शाळेने मोडीत काढलेल्या संगणकावरही ते धावतात. जुना पत्ता बदलावा लागत नाही. जीमेलचे खाते असेल तर कंपनीकडून या कामापुरता निराळा ‘अॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो, आणि त्याच खात्यातली पत्रे मटमध्ये उतरतात. फरक इतकाच की यापुढे कंपनीच्या कोठारात जे पडेल ते तिला न उलगडणारे असेल. जीपीजीला आज्ञा दिली की तो नाव व पत्ता विचारून किल्ल्यांची जोडी घडवतो. खाजगी किल्लीवर एक परवलीचे वाक्य घालायचे, शब्द नव्हे. आणि ते मुलाच्या वा पुढाऱ्याच्या नावाचे नको. मटच्या व्यवस्थेच्या फाइलीत तीन गोष्टी एकदाच लिहून ठेवायच्या : प्रत्येक पत्रावर सही व्हावी, कुलूपबंद पत्राचे उत्तर कुलूपबंदच जावे, आणि पाठवलेल्या पत्राची आपली प्रत आपल्याही किल्लीने उघडावी. ही तिसरी गोष्ट विसरणाऱ्याला आपण काय लिहिले होते ते पुढे वाचता येत नाही. त्यानंतर रोजचे काम ते केवढे ? पत्र लिहून झाले की ‘पी’ दाबायचे, मग कुलूप आणि सही दोन्हींसाठी ‘बी’, आणि ‘वाय’ दाबून रवाना. सोबत जोडलेला कागद, छायाचित्र, हिशेबाचा तक्ता, सारे त्याच कुलपाखाली जाते.

दोन वैगुण्ये लपवण्यात अर्थ नाही. पत्राच्या विषयाची ओळ सामान्यतः कुलपाबाहेर राहते, तसेच कोणी कोणाला केव्हा लिहिले हेही. ‘स्पिनिंग खात्यातील आजारी कामगारांची यादी’ असा विषय लिहून आत कुलूप घालणारा कार्यकर्ता पाकिटावरच मजकूर लिहून वर डिंक लावतो. विषयात ‘बैठक’ पुरे. दुसरे वैगुण्य मराठी माणसाला जिव्हारी लागणारे आहे. अशा काळ्या पडद्यांपैकी पुष्कळांवर देवनागरी धड उमटत नाही. जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. पत्र पोचते ते शुद्धच, दुसऱ्या पडद्यावर ते नीट दिसतेही. पण लिहिताना डोळ्यांना त्रास होतो. मराठीच्या नावाने मंडळे, संस्था आणि महामंडळे स्थापणाऱ्या राज्यात हे दुरुस्त करण्याचे कोणाला सुचू नये, यात आपल्या भाषाप्रेमाचे मोजमाप आहे. पडदा नीट निवडला तर काम भागते, तेवढ्यावर तूर्त भागवावे.

असे रूक्ष साधन कशासाठी, देखणे का नको, असे विचारले जाते. उत्तर रूक्षपणातच आहे. देखण्या कार्यक्रमात पत्र येताच त्यातली चित्रे बाहेरून ओढली जाऊ शकतात, आणि चित्र ओढले गेले की पाठवणाऱ्याला कळते की पत्र केव्हा, कोठून उघडले. मे २०१८ मध्ये जर्मनी व बेल्जियममधील संशोधकांनी दाखवून दिले की अनेक देखण्या कार्यक्रमांत याच दारातून कुलूपबंद पत्राचा उघडलेला मजकूर बाहेर पळवता येतो. कुलपाचे गणित मोडले नव्हते. खोली सजवण्याच्या हौसेने पाडलेली खिडकी उघडी होती. अक्षरांपलीकडे काहीच न दाखवणाऱ्या कार्यक्रमात ती खिडकी नसते.

कुलपापेक्षाही ज्या गोष्टीवर भर द्यायला हवा ती म्हणजे सही. मराठी माणसाला ती नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब होई. मजकूर येथे संपला, याखाली कोणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, असा त्याचा अर्थ. जीपीजीची सही हे मोर्तबच, आणि त्याहून कडक : मजकुरातला एक काना इकडचा तिकडे झाला तरी ती जुळत नाही. ती खाजगी किल्लीने होते आणि जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते.

या मोर्तबाचे महत्त्व महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकावयास हवे होते. भीमा कोरेगाव येथे १ जानेवारी २०१८ रोजी हिंसाचार झाला. आदल्या दिवशीच्या शनिवारवाड्यावरील एल्गार परिषदेशी त्याचा संबंध जोडून जो खटला उभा राहिला, त्यात २०२० पर्यंत सोळा जणांना अटक झाली. त्या खटल्याचा डोलारा मुख्यतः संगणकांत सापडल्याचे सांगितलेल्या पत्रांवर होता. टंकलिखित मजकूर, ना हस्ताक्षर, ना अंकीय सही. त्यांतले एक पत्र सुधा भारद्वाज यांचे म्हणून सांगितले गेले. देवनागरीतल्या त्या पत्रात सतरा ठिकाणी मराठी वळणाचे शब्द आहेत, हिंदी भाषक बाई असे लिहिणार नाहीत, हा आक्षेप न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी २८ सप्टेंबर २०१८ च्या आपल्या भिन्नमत-निकालपत्रात नोंदवला आहे. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेचा बचाव पक्षाने मागवलेला अहवाल प्रसिद्ध झाला. रोना विल्सन यांच्या संगणकात जून २०१६ मध्ये, वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या एका पत्रासोबतच्या फाइलीतून, दूरवरून ताबा घेणारा घातक कार्यक्रम शिरला. बावीस महिने तो ताबा राहिला. आणि आक्षेपार्ह पत्रे बाहेरून आणून एका लपवलेल्या कप्प्यात ठेवली गेली, असे त्यात म्हटले होते. काही पत्रे ‘वर्ड’च्या ज्या आवृत्तीने बनवली गेली, ती आवृत्ती त्या संगणकावर नव्हतीच. जुलै २०२१ मध्ये नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयी तशाच आशयाचा अहवाल आला. एनआयएने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. पण त्याच जुलैच्या ५ तारखेला, ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत बंदी अवस्थेतच मुंबईच्या रुग्णालयात वारले.

कुलूप असते तर हे टळले असते, असा दावा येथे नाही. आणि तो कोणी करील तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चोर घरात राहायलाच आला असेल तर दाराच्या कडीचा उपयोग नाही. परवलीचे वाक्य बोटांखालून जाताना तो तेही टिपून घेईल. पण दोन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. परिचिताच्या नावाने आलेल्या पत्रावर नेहमीची सही नाही, एवढ्याने सावध होण्याची सवय असलेला कार्यकर्ता सोबतची फाइल सहसा उघडणार नाही. आणि मट तर कोणतीच फाइल आपण होऊन उघडत नाही. दुसरे असे की, जी संघटना वर्षानुवर्षे प्रत्येक पत्रावर मोर्तब करते, तिच्या नावाने सापडलेले बिनमोर्तबाचे पत्र खरे असल्याचे ओझे ते हजर करणाऱ्यावर अधिक जोराने टाकता येते. आज आपल्या कोणत्याही शाखेच्या नावाने कोणीही काहीही लिहावे आणि आपण शपथेवर ‘हे आमचे नव्हे’ म्हणत बसावे, अशी स्थिती आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक संमत केल्यानंतर तरी ही स्थिती आरामाची वाटू नये.

पक्षातल्या पक्षात या गोष्टीला जो विरोध होतो, त्यातला बराचसा आळस आहे. पण एक आक्षेप आदराने घेतला पाहिजे. सत्याग्रही राजकारण उघड्यावर चालते, आपल्याला लपवायचे काय, असे म्हणणारे जुने साथी आहेत. त्यांना आठवत असेल की १९४४ मध्ये सुटल्यावर गांधीजींनी बेचाळीसच्या भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला होता, कारण गुप्तता त्यांना पापासमान वाटे; आणि समाजवाद्यांपैकी अनेकांना तो सल्ला तेव्हाही पटला नव्हता. तो वाद आज सोडवण्याची गरज नाही. उघडेपणा हे व्रत आहे आणि व्रत स्वतःपुरते घेतात. पुढाऱ्याने आपली सारी पत्रे चौकात वाचून दाखवावीत. पण ज्या कंत्राटी कामगाराने भीत भीत आपले नाव वहीत लिहिले, त्याच्या वतीने हे व्रत घेण्याचा अधिकार चिटणिसाला कोणी दिला? अटक चुकवण्यासाठी तोंड लपवणे वेगळे आणि दुसऱ्याची ठेव सांभाळणे वेगळे.

‘व्हॉट्सअॅपला कुलूप आहेच की’, हा दुसरा युक्तिवाद. आहे, एप्रिल २०१६ पासून आहे, आणि चांगल्या प्रतीचे आहे. काही बाबतींत ते जीपीजीहून सरस आहे : जीपीजीची खाजगी किल्ली आज फुटली तर तिच्या जोडीच्या जाहीर किल्लीने लावलेली सगळी जुनी कुलपे उघडतात, तिकडे तसे होत नाही. पण कुलूप एका मक्तेदाराचे, खाते मोबाइलच्या क्रमांकाशी जखडलेले, आणि कोण कोणाशी किती वाजता बोलला याची नोंद त्याला ठेवता येण्याजोगी. शिवाय संघटनेला गप्पांपेक्षा दप्तराची गरज अधिक. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ धगधगत राहिला. इतक्या वर्षांत मोबाइल चार वेळा बदलतो, दोनदा हरवतो, एकदा नदीत पडतो. पंधरा वर्षांपूर्वीचे पत्र तारखेसह, सहीसह हजर करता येणे ही कामगार चळवळीची गरज आहे, आणि ती गप्पांच्या यंत्राने भागत नाही.

राहता राहिला ‘हे फार अवघड आहे’ हा आक्षेप. डिसेंबर २०१२ मध्ये ग्लेन ग्रीनवाल्ड या नामांकित पत्रकाराला एका अनोळखी माणसाचे पत्र आले : महत्त्वाचे काही सांगायचे आहे, आधी पीजीपीची किल्ली तयार करा. ग्रीनवाल्डने चालढकल केली. त्या माणसाने पायऱ्या लिहून पाठवल्या, चित्रफीत तयार करून पाठवली, तरी नाही. अखेर त्याने लॉरा पॉयट्रस या चित्रपटकर्तीला गाठले, जिला हे काम येत होते. अनोळखी माणूस होता एडवर्ड स्नोडेन. शतकातली सर्वांत मोठी बातमी केवळ कंटाळ्याने हातची जात होती ! आणि ज्या कामगाराने पाळीचे गणित, उत्पादन-बोनसचे सूत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज मुखोद्गत केले, त्याला तीन अक्षरे दाबणे अवघड जाईल असे समजणे हा त्याचा अपमान आहे. अवघड जाते ते त्याच्या पुढाऱ्यांना.

सरकार ६९ व्या कलमाखाली किल्ली मागेल तेव्हा काय, असेही विचारले जाते. मागू शकेल, सहकार्य नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्या कलमात आहे. परंतु ती मागणी किल्लीच्या धन्याकडे येईल. कागद दाखवून, दार ठोठावून, त्याच्यासमक्ष येईल, आणि त्याला वकील गाठता येईल. आज ती परस्पर कंपनीकडे जाते आणि ज्याचे पत्र फुटले त्याला त्याचा पत्ताही नसतो. कायद्याने चालणाऱ्या राज्यात एवढा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

तेव्हा कल्याण-शहाड-आंबिवली पट्ट्यातील शाखांनी पुढच्या बैठकीचा अर्धा तास यासाठी राखावा. प्रत्येकाने आपल्या किल्लीची ओळखखूण, ती चाळीस अक्षरे, चार-चारांच्या दहा गटांत चिठ्ठीवर लिहून आणावी. मोठ्याने वाचावी, इतरांनी आपापल्या पडद्याशी ताडावी. इंटरनेटवर सापडलेली किल्ली खरी मानू नये. कोणाच्याही नावाने कोणीही किल्ली करू शकतो, चेहरा मात्र बैठकीतच दिसतो. किल्ली रद्द करण्याचा दाखला जीपीजी आपण होऊन तयार करतो. तो छापून स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या साथीच्या घरी ठेवावा. संघटनेची पत्रे नेहमी दोन पदाधिकाऱ्यांच्या किल्ल्यांनी उघडतील अशी पाठवावीत, म्हणजे एकाच्या मृत्यूने वा पक्षांतराने दप्तर कायमचे बंद होणार नाही. आणि चिटणीस बदलतो त्या दिवशी सूत्रे सोपवण्याच्या कागदावर शिक्का, पावतीपुस्तके आणि बँकेचे पासबुक यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी लागेल : जुन्या पत्रांची किल्ली कोणापाशी राहिली, आणि ती कोणाच्या साक्षीने.